स्मृती सुधारणाऱ्या लघुरेणू औषधाची रचना

कागदावर रेणू रेखाटण्याआधी स्मृतीच्या कोणत्या टप्प्यावर काम करायचे आहे हे ठरवावे, कारण नवे शिकणे, शिकलेले पक्के होणे आणि साठवलेले आठवणे या तिन्हींमागची रासायनिक यंत्रणा अगदी एकसारखी नसते. माझ्या मते या निर्णयाला संश्लेषणापेक्षा अधिक वेळ द्यायला हवा. चुकीचे लक्ष्य निवडले तर उत्तम रेणूही वाया जातो.

लक्ष्य, म्हणजे औषध ज्याला चिकटून परिणाम घडवते ते प्रथिन, ठरल्यावर त्याची त्रिमितीय रचना बारकाईने अभ्यासावी. अल्झायमरच्या रुग्णांना दिले जाणारे डोनेपेझिल येथे चांगला धडा देते. अॅसिटिलकोलीन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे विघटन करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) क्रियास्थान सुमारे 20 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) खोल अशा अरुंद घळीच्या तळाशी असते; डोनेपेझिल या घळीत लांबीने बसते, म्हणजे त्याचे बेन्झिल टोक तळाजवळच्या आणि इंडॅनोन टोक तोंडाजवळच्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाला बिलगते. त्याआधी, 1993 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टॅक्रीन याच विकराला रोखत असे, परंतु ते यकृताला अपायकारक ठरले. 1996 मध्ये मान्यता मिळालेल्या डोनेपेझिलमध्ये तो दोष नव्हता. अर्थात, ही दोन्ही औषधे लक्षणे सौम्य करतात, मूळ आजार थांबवत नाहीत.

यानंतर रक्त-मेंदू अडथळा, म्हणजे रक्तातील बहुतेक पदार्थांना मेंदूत शिरू न देणारा पडदा, ओलांडण्याचा प्रश्न येतो. रेणुभार साधारण 450 डाल्टनच्या (रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) आत, ध्रुवीय (पाण्याशी सलगी करणारा) पृष्ठभाग 90 चौरस अँगस्ट्रॉमपेक्षा कमी आणि हायड्रोजन बंध देणारे गट दोन-तीनच ठेवावेत. अडथळ्यातून आत शिरलेला रेणू पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप पुन्हा बाहेर फेकत नाही ना, हे वेगळे तपासावे. प्रवेश सुलभ व्हावा म्हणून स्निग्धप्रियता (मेदात विरघळण्याची प्रवृत्ती) वाढवत नेण्याचा मोह आवरावा, कारण असा रेणू प्रथिनांना आणि ऊतींना चिकटून राहतो आणि प्रत्यक्ष काम करणारा मुक्त अंश घटतो. म्हणूनच मेंदूतील एकूण मात्रेपेक्षा मुक्त मात्रा मोजावी.

प्राण्यांवरील चाचणीत औषध कधी दिले याला फार महत्त्व आहे. शिकण्याआधी दिलेल्या औषधाने उंदीर केवळ अधिक सतर्क झालेला असू शकतो. त्यामुळे एका गटाला शिकणे संपताच आणि दुसऱ्याला आठवण तपासण्याआधी औषध द्यावे. मात्राही अनेक घ्याव्यात, कारण पुष्कळदा मधली मात्रा उपयोगी पडते आणि वाढीव मात्रेने लाभ नाहीसा होतो.

दुष्परिणाम तपासताना प्राण्याची जात जाणीवपूर्वक निवडावी. रोलिप्रॅम हे औषध पेशीतील चक्रीय एएमपी या संदेशवाहक रेणूचे विघटन रोखते आणि त्याने उंदरांची स्मृती सुधारल्याचे दिसले, पण माणसांना त्याने मळमळ आणि उलट्या होत. उंदरांना उलटी करताच येत नाही, म्हणून अशा रेणूंसाठी फेरेटसारखा उलटी करू शकणारा प्राणी चाचणीत आरंभीच घ्यावा.