सोलापुरात बसून डबल बास वाजवायचा आणि स्वतःचं लेबल काढायचं, तर असं करा

डबल बास म्हणजे माणसाएवढं उंच, खर्जात बोलणारं व्हायोलिनसारखं वाद्य. त्यावर काही एक्सपेरिमेंटल वाजवायचंय ना, मग आधी चाल शोधायची सोडा, आवाज शोधा. गज घोडीला (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) अगदी चिकटून घासा, मग घोडीच्या खालच्या बाजूला घासा, तारेला कपड्याचा चिमटा लावून छेडा. आणि पूर्व भागात एखाद्या पॉवरलूमवाल्याला विचारून अर्धा तास आत उभं राहा. शेजारचे दोन माग थोडे मागेपुढे चालतात, मधेच त्यांची खटखट जुळते, परत सुटते, तेवढंच बासवर धरायचं. मी वर्षभर तेच केलं, माझ्यासाठी कुठल्याही क्लासपेक्षा ते लई मोठं शिक्षण होतं.

उन्हाळ्यात गजाला लावायची राळ सांभाळा बरं. बासची राळ मऊ असते, एप्रिलमध्ये माझी डबी आडवी राहिली आणि संध्याकाळी बघतोय तर सगळी राळ वाहून कव्हरच्या अस्तरात. डबी उभी ठेवा, सावलीत.

रेकॉर्डिंगला स्टुडिओच पाहिजे असं नाही. १९६८ ला बॅरे फिलिप्स या बासवाल्यानं लंडनच्या एका चर्चमध्ये एकट्यानं बास वाजवून रेकॉर्ड केला, तोही दुसऱ्या संगीतकाराच्या इलेक्ट्रॉनिक कामाला कच्चा माल म्हणून, आणि त्याचाच सोलो अल्बम झाला! आपण रात्री माग थांबले की बसायचं, दोन-तीन जाड सोलापुरी चादरी दोरीवर टांगायच्या, भिंतीला चिकटवून नाही, वीतभर पुढे, म्हणजे खोलीचा घुमारा कमी होतो. माइक घोडीसमोर हातभर अंतरावर. खालची ई तार साधारण ४१ हर्ट्झची असते, फोनच्या स्पीकरवर तिचा मूळ खर्ज येतच नाही, त्यामुळं मिक्स चांगल्या हेडफोनवरच ऐका.

आता लेबल, म्हणजे रेकॉर्डिंग बाजारात काढणारी आपली छोटी कंपनी. बॅरी गाय हा बासवाला आणि व्हायोलिनवादक माया होम्बर्गर, दोघांनी मिळून स्वतःचं लेबल काढलं, म्हणजे वादकानं हे करणं काही नवीन नाही. बँडकॅम्प या संगीत विकायच्या वेबसाइटवर पेज उघडा, डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी कोड, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक घ्या, भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते. कॅसेट काढायच्या तर पन्नासच काढा, कव्हरला चादरीची कात्रणं लावा, प्रत्येक वेगळी दिसते.

दुसऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं तर कागद कराच, दोन ओळींचा का असेना, मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचा हक्क, वादकाच्याच नावावर. माझं पहिलं रेकॉर्डिंग ज्यांनी काढलं त्यांनी हक्क स्वतःकडे ठेवले, आज मला माझाच बास कुणाला पाठवायचा तर परवानगी मागावी लागते. तुमच्या लेबलवर कुणावर ती वेळ आणू नका, पैसे कधी आणि किती देणार तेही त्याच कागदावर लिहा.