खताच्या पेटीचा गंज आणि हिरड्याचा काढा

मिरज भागात पेरणी यंत्राची खताची पेटी सडते ती आधी तळाच्या सांध्यात. कारण पोटॅश. त्यातलं क्लोराइड ओल धरून ठेवतं आणि रंगाखालून पत्रा खातं. म्हणून पेटी आधी भरपूर पाण्यानं धुतली. इथं कंटाळा केला तर पुढचं सगळं वाया.

सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशनं काढले, पण घट्ट बसलेला तांबूस थर ठेवला. हिरड्यातल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, तोच लागतो. हिरडा महाबळेश्वरच्या रानातला असो की काष्ठौषधीच्या दुकानातला, बी काढून भरड केली. 100 ग्रॅम भरड, 1 लिटर पाणी, स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर अर्धा तास. लोखंडी कढई नको, तिच्यातच शाई होते. गाळून, गार करून ब्रशनं लावला. तांबूस रंग आधी जांभळट, मग निळसर काळा: हे फेरिक टॅनेट, म्हणजे गंज आणि टॅनिन मिळून झालेला थर. वाळल्यावर दुसरा हात. तरी जिथं तांबडे ठिपके राहिले तिथं गंज जाड होता. ते घासून पुन्हा लावलं.

हा थर एकटा पावसाळा काढत नाही, वरून प्रायमर आणि रंग हवाच. नांगराच्या फाळाला मात्र हा उपद्व्याप नको. पहिल्याच सरीत मातीनं घासून जातो; तिथं ग्रीस बरं.