पापणीच्या ऑपरेशननंतर घरी काय बघायचं

आईच्या वरच्या पापण्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे नुसते फुगलेले, खाली जांभळं पडलेलं, मी घाबरलेच, पण दोन्हीकडे साधारण सारखी सूज असेल तर ती एक-दोन आठवड्यांत उतरते. पहिले 48 तास स्वच्छ कपड्यात गुंडाळून बर्फ 10-10 मिनिटं हलक्या हाताने ठेवा, दोन उशा घेऊन झोपवा, वाकू देऊ नका.

झोपेत पापणी पूर्ण मिटत नसेल, खालून पांढरं दिसत असेल तर डोळा कोरडा पडतो, डॉक्टरांनी दिलेले ड्रॉप्स-मलम चुकवू नका.

पण एकच डोळा अचानक टणक होऊन बाहेर आल्यासारखा वाटला, जोरात ठणकायला लागला किंवा अंधुक दिसलं तर सकाळची वाट बघू नका हो, आत रक्तस्राव असू शकतो आणि नजर जाऊ शकते, तडक इमर्जन्सीत न्या.