एआय एजंटला खंडीचा हिशोब कसा लक्षात ठेवायला लावला

जळगावात आम्ही जिनिंगवाल्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. कापूस क्विंटलने घेतात, रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) भाव खंडीवर म्हणजे सुमारे ३५६ किलोवर ठरतो, आणि गाठ साधारण १७० किलोची. कोड लिहिणाऱ्या एआय एजंटला हे समजावलं की काम चोख. नवं सेशन उघडलं की पाटी कोरी! पुन्हा धान्याची वीस मणांची खंडी धरून चालायचा.

मॉडेल स्वतःहून मागचं काही जवळ ठेवत नाही; समोर जेवढा मजकूर येतो, तेवढंच त्याला ठाऊक. म्हणून रेपोच्या (प्रोजेक्टचा सगळा कोड असलेल्या फोल्डरच्या) मुळाशी 'एजंट्स डॉट एमडी' ही फाइल ठेवली. बरेच एजंट ती सुरुवातीलाच वाचतात. क्लॉड कोड या एजंटसाठी 'क्लॉड डॉट एमडी' लागते. त्यात मापं, टेस्ट चालवायची कमांड आणि कुठल्या फाइलला हात लावायचा नाही, एवढंच. फाइल फुगली की कामाच्या मजकुराची जागा खाते, म्हणून ती आखूडच बरी.

निर्णय वेगळ्या फोल्डरमध्ये, कारणासकट. 'घट वजनातून कापायची, रकमेतून नाही. पावतीवर शेतकऱ्याला निव्वळ वजन दिसलं पाहिजे.' हे कारण लिहिल्यापासून एजंट तो कोड 'सुधारायला' जात नाही. मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

काम संपताना नवीन नोंद एजंटच लिहितो, पण कमिट करण्याआधी, म्हणजे रेपोत पक्की जमा करण्याआधी, मी ती वाचतो. चुकीची नोंद राहिली तर पुढचं प्रत्येक सेशन तिच्यावरच उभं राहतं. आणि फाइलमध्ये लिहिलेलं तो पाळेलच याची खात्री नसते, त्यामुळे खंडीच्या रूपांतराला टेस्ट लावलीय. ती नापास होऊन लाल झाली की कोड मुख्य शाखेत जात नाही.