तान्ह्या बाळाला घेऊन विमानाने जाताय? या चुका टाळा

माझी मुलगी सात महिन्यांची असताना आम्ही पुण्याहून दिल्लीला गेलो. जेमतेम सव्वादोन तासांचा प्रवास, दीड तास ती मस्त खेळली, मग झोपली, आणि विमान खाली यायला लागलं तशी किंचाळत उठली ती दिल्लीत चाकं टेकेपर्यंत थांबलीच नाही. उजव्या कानाची पाळी ओढून ओढून लालबुंद केली होती. माझ्या हातात दुधाची बाटली होती पण रिकामी, कारण विमानात बसल्या बसल्याच ती पाजून झाली होती, दार लागून वीस मिनिटं झाली तरी विमान जागचं हललं नव्हतं आणि तोवर तिने शेवटचा थेंबसुद्धा संपवला होता.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, दूध चुकीच्या वेळी पाजणं. सगळे सांगतात टेकऑफला दूध पाज, आणि लॅण्डिंगचं कोणी बोलतच नाही! खरा त्रास उतरताना होतो. विमान 35 हजार फुटांवर असलं तरी आतली हवा साधारण 6 ते 8 हजार फूट उंचीवर जशी असते तशी ठेवलेली असते, म्हणजे आपलं महाबळेश्वर साडेचार हजार फूट धरलं तर त्याहूनही वर. आता पसरणीचा घाट उतरून वाईला येताना कानाला कसे दडे बसतात ते आठवा. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, दडे सुटतात. बाळाला हे कसं कळणार? कानातून घशाकडे जी बारीक नळी जाते ती बाळांची अरुंद आणि आडवी असते, वर जाताना कानातली हवा त्यातून आपोआप बाहेर पडते पण खाली येताना हवा परत आत शिरायला ती नळी उघडावी लागते, आणि ती उघडते गिळल्यावर. म्हणून त्या वेळी बाळाच्या तोंडात काहीतरी चोखायला हवं, अंगावरचं दूध, बाटली, चोखणी, जे चालत असेल ते.

हे करायचं कसं, तर टेकऑफच्या वेळी विमान धावायला लागेपर्यंत थांबा आणि तेव्हाही पोटभर पाजू नका. उतरायच्या वेळेआधी साधारण अर्धा तास दूध तयार ठेवा, पट्टे बांधायची सूचना येईपर्यंत थांबू नका कारण तोपर्यंत विमान बरंच खाली आलेलं असतं. कधी उतरायला लागणार ते एअर होस्टेसला आधीच विचारून ठेवा, सांगतात त्या. आणि बाळ झोपलं असेल तर उठवा. जिवावर येतं, मला माहितीये, पण झोपेत बाळ फारसं गिळत नाही आणि मग कळ आल्यावरच ते जागं होतं. परतीच्या फ्लाइटला मी तिला तळपायाला गुदगुल्या करून उठवलं, कुरकुरली थोडी, पण पीत राहिली आणि कानाकडे हातही नेला नाही. सहा महिन्यांच्या वरच्या बाळाला चमच्याने घोट घोट पाणीसुद्धा चालतं, त्याहून लहान असेल तर फक्त दूधच. सर्दी झालीये किंवा कान दुखतोय असं वाटत असेल तर निघायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना कान दाखवून घ्या, नाक चोंदलेलं असलं की ती नळी लवकर उघडत नाही.

दुसरी चूक मला फार गंभीर वाटते. प्रवासात झोपावं म्हणून बाळाला सर्दी-खोकल्याचं सिरप देणं. कृपा करून हे करू नका. काही बाळं त्याने उलट जास्त चिडचिडी होतात आणि काहींचा श्वास मंदावू शकतो, आणि विमानात डॉक्टर असेलच असं नाही. क्लोरफेनिरामिन आणि फिनायलएफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं आपल्या औषध नियंत्रकांनीच डिसेंबर 2023 मध्ये सांगितलंय. शेजारच्यांना रडण्याचा त्रास होईल म्हणून बाळाला गुंगीत ठेवायचं नसतं, रडू दे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसत असलं तरी त्याचं तिकीट काढावंच लागतं आणि वयाचा पुरावा लागतो, जन्मदाखला सोबत ठेवा. जाताना दोन वर्षं पूर्ण नसतील आणि परत येताना होणार असतील तर परतीला पूर्ण सीट घ्यावी लागते, हे बरेच जण विसरतात. परदेशी जाणार असाल तर बाळाचा स्वतःचा पासपोर्ट आणि लागत असेल तिथे व्हिसाही.

परदेशी फ्लाइटला हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ नेता येत नाहीत म्हणून काही जण दूध मोठ्या बॅगेत टाकून देतात, तसं करू नका! प्रवासापुरतं बाळाचं दूध आणि खाणं नेऊ देतात, फक्त ते वेगळं काढून दाखवायचं. पायातले वाळे आणि मनगट्या घरीच काढून ठेवा, तपासणीच्या मशीनला वाजतात आणि रांगेत उभं राहून काढताना बाळ वैतागतं.

लांबच्या फ्लाइटला पाळणा हवा असेल तर तिकीट काढतानाच सांगा आणि बाळाचं किती वजन चालतं ते विचारा. पाळणा फक्त पुढच्या भिंतीच्या सीटला लागतो, टेकऑफ-लॅण्डिंगला वापरू देत नाहीत, आणि हवेत विमान हिंदकळायला लागलं की बाळाला बाहेर घ्यावं लागतं.

मांडीवरच्या बाळाला स्वतःच्या पट्ट्याच्या आत घेऊ नका, झटका बसला तर आपलं सगळं वजन त्याच्या पोटावर येतं. आपल्याकडे बाळासाठी वेगळा छोटा पट्टा देतात जो आपल्या पट्ट्यात ओवायचा असतो, दिला नाही तर मागून घ्या. बऱ्याच विमानांत एका ओळीत सीटपेक्षा एकच ऑक्सिजन मास्क जास्त असतो म्हणून शेजारी शेजारी दोन बाळं बसू देत नाहीत, सीट बदलायला सांगितलं तर वाद घालू नका. आणि मास्क आधी स्वतःला लावायचा, मग बाळाला.

डायपर, पुसणी, झबली, एक दुपटं हे सगळं पायाशी ठेवायच्या पिशवीत, वरच्या कप्प्यात नको. तासा-दीड तासाला एक डायपर धरा आणि चार जास्तीचे. स्वतःसाठीही एक टीशर्ट.

उतरल्यावर रडणं तास-दोन तासात थांबायला हवं. दुसऱ्या दिवशीही बाळ कान ओढत असेल, ताप असेल किंवा कानातून पाणी येत असेल तर डॉक्टरकडे न्या. आमच्या सासूबाई दिल्लीला पोचल्या पोचल्या कोमट तेलाची वाटी घेऊन आल्या होत्या, अगदी मायेने, पण कानात तेल घालू नका, आत पडद्याला काही झालं असेल तर ते तेल आतवर जातं. मी त्यांना डॉक्टरांशी फोनवर बोलायला दिलं, मग त्यांनीच ती वाटी तळपायांना चोळून संपवली.