पडून राहिलेली स्पोर्ट्स कार बघायला जाताना

निघण्याआधी फोनवरच सांगून ठेवा, की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर नमस्कार-चमत्कार झाले, की पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं, तर गाडी तुमच्यासाठी आधीच गरम करून ठेवली आहे. सुरू होताना किती वेळ घेते, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो का, पहिल्या काही सेकंदांत इंजिनातल्या साखळीचा खडखडाट होतो का, हे आता कळणार नाही. संकोच न करता दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.

गाडी कित्येक वर्षं बंदच असेल, तर मात्र उलट. तुमच्यासमोर बॅटरी लावून स्टार्टर मारायला कुणी निघालं, तर हात धरून थांबवा. टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं असतं, सिलिंडर कोरडे पडलेले असतात. इंजिन आधी हाताने फिरतं का, ते मेकॅनिकला बघू द्या.

कागद त्याही आधी. चॅसी नंबर कागदाशी जुळतो का, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, विकणाराच मालक आहे का, हे पाच मिनिटांचं काम आहे. खरा वेळ सर्व्हिसच्या बिलांना द्या. किलोमीटर कमी दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. १५ वर्षांत २०,००० किलोमीटर याचा अर्थ बहुतेक वेळा गाडी जपली असा नसतो, ती नुसती उभी होती असा असतो. आणि रबर उभ्या उभ्याही कडक होऊन तडकतं. टायमिंग बेल्टला, म्हणजे इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणाऱ्या रबरी पट्ट्याला, किलोमीटरइतकीच वर्षांचीही मुदत असते. पोर्शे ९४४ मध्ये हा बेल्ट तुटला, की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावंच लागतं. बेल्ट बदलल्याचं तारखेसकट बिल नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरा, मालक कितीही भला माणूस असो.

ज्या मॉडेलवर जीव जडलाय, त्याचं पिढीजात दुखणं आधी माहीत करून घ्या. १९९७ ते २००८ या काळातल्या पोर्शेच्या बऱ्याच बॉक्स्टर आणि ९११ गाड्यांत इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्ट या दांड्याचं बेअरिंग निकामी होऊन सगळं इंजिन जाऊ शकतं. ते बदललंय का, हा प्रश्न रंग आवडण्याच्या आधीचा. माझदा आरएक्स-८ चं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) गार असताना चटकन सुरू होऊन फसवू शकतं. म्हणून ती चांगली फिरवून आणा, बंद करा, आणि गरम असतानाच पुन्हा सुरू करून बघा. कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, मोजायला रोटरीसाठीचं गेज असलेलाच माणूस हवा. ई४६ पिढीच्या बीएमडब्ल्यू एम३ मध्ये मागच्या सस्पेन्शनची चौकट जिथे बसते तिथला पत्रा चिरतो. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय ते दिसत नाही.

आता गुडघे टेका. सोबत टॉर्च आणि जुनी चादर असू द्या. जॅक लावायच्या जागा बोटांनी चाचपा. तिथे पत्र्याच्या पापुद्र्यांचा चुरा हाताला लागला, तर दारांखालच्या पोकळ पट्ट्याही गंजल्या असण्याची शक्यता धरा. पायाखालचं कार्पेट उचलून खालच्या फोमवर तळवा दाबा. ओल लागली, तर पाणी कुठून येतं ते शोधा आणि जवळपासच्या वायरिंगची काळजी करा. टायरच्या बाजूला चार आकडे सापडतील. २३१४ म्हणजे २०१४ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली, तरी इतके जुने टायर वेगासाठी नकोत. ब्रेकचं ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे ते, होसपाइप आणि अडकलेले कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारे भाग), हा खर्च गृहीतच धरा.

हे सगळं कागदावर मांडा आणि विकणाऱ्याच्या नव्हे, तुमच्या मेकॅनिककडून प्रत्येक कामाची रक्कम लिहून घ्या. एकूण बेरजेवर मी निम्मी रक्कम आणखी चढवतो, कारण पडीक गाडीत एक नट सोडवताना दुसरा तुटतोच. खरेदीची किंमत आणि हा आकडा मिळून त्याच मॉडेलच्या नीट सांभाळलेल्या गाडीच्या जवळ पोहोचत असेल, तर ती सांभाळलेली घ्या. मन दुखेल, मला ठाऊक आहे. असल्या गाडीचं दार उघडताना येणारा जुन्या चामड्याचा वास माणसाला हिशोब विसरायला लावतो. म्हणूनच पहिल्या भेटीला टोकनचे पैसे सोबत नेऊ नका.

आकडा जमला, तरी दोन फोन बाकी आहेत. एक सुट्या भागांसाठी: काचा, दिवे, दारांची रबरं अजून मिळतात का? दुसरा मेकॅनिकला: येत्या महिन्यात त्याच्याकडे जागा आहे का? नसेल, तर गाडी आणायची तारीख पुढे ढकला. तोवर ती निदान जिथे आहे तिथे, छपराखाली राहील.