मेडिकल जेनेटिक्सला येताय? आधी केसपेपरवर ‘कझिन’ लिहिणं सोडा

नीटचे निकाल लागले की दरवर्षी दोन-तीन जणांचे फोन येतात, ताई मेडिकल जेनेटिक्सला, म्हणजे अनुवंशिक आजारांच्या शाखेला, स्कोप आहे का, बडोद्यात राहून करता येईल का. वाट तुम्हाला माहीत असेलच, एमबीबीएस, मग पेडिॲट्रिक्स, मेडिसिन किंवा गायनॅकमध्ये एमडी/एमएस, मग सुपरस्पेशालिटीची परीक्षा आणि 3 वर्षांचं डीएम. सीट्स फार थोड्या आहेत, लखनौचं एसजीपीजीआय, दिल्लीचं एम्स अशा ठिकाणी जायची तयारी ठेवा, घर सोडावं लागेल. एमएससी जेनेटिक्सवाल्यांनो, तुमच्यासाठी पीएचडी, लॅब, काउन्सेलिंग आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही, पण पेशंटचं निदान तुमच्या सहीने होणार नाही हे ॲडमिशनच्या आधीच समजून घ्या. आणि ते तीन महिन्यांचे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स, कृपा करून त्यावर आईवडिलांचे पैसे घालवू नका.

आता माझी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे काही सांगताच येणार नाही.

एमडी झाल्यावर मी बडोद्यातच एका हॉस्पिटलमध्ये सीनियर रेसिडेंट होते. एक बाई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या, आपल्याच, मराठी. मुलाच्या पोटऱ्या टणक फुगलेल्या, जिना चढताना पडायचा, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत उठायचा. सीपीके, म्हणजे स्नायू झिजले की रक्तात वाढणारं एन्झाइम, हजारांत. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्नायू हळूहळू निकामी करणारा अनुवंशिक आजार, हे कोणालाही कळलं असतं. मी विचारलं घरात अजून कोणाला असं आहे का, तर त्या म्हणाल्या, “माझ्या एका मावसभावाला होतं, तो गेला लहानपणीच.” आणि मी केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं, आईचा कझिन. बस्स. माझी चूक तिथेच झाली.

नीट बघा, मी मुद्दाम सावकाश सांगतेय. डुशेन ज्या जीनमधल्या बदलामुळे होतो तो जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो. आईचा चुलतभाऊ आजारी असेल तर त्याचा एक्स काकूकडून आलेला, मामेभावाचा मामीकडून, या दोघी सुना, बाहेरून आलेल्या, म्हणजे आपल्या पेशंटशी त्या एक्सचा संबंध नाही. आतेभाऊ असेल तर तो एक्स आत्याकडून आलेला असू शकतो, पण पुरुषाला एक्स एकच, आईचे वडील स्वतः धडधाकट म्हणजे त्यांच्याकडे तो बदल नाही, मग ते लेकीला देणार कुठून. राहिला मावसभाऊ. त्याची आई आणि आपल्या पेशंटची आजी सख्ख्या बहिणी, म्हणजे बदल पणजीकडून दोन्ही लेकींकडे उतरलेला असण्याची दाट शक्यता. चौघांपैकी हा एकच भाऊ धोक्याची घंटा वाजवतो आणि त्या बाईंनी तो शब्द माझ्यासमोर स्पष्ट उच्चारला होता. आपल्या भाषेत चार वेगळे शब्द आहेत, गुजराती पेशंटसुद्धा ‘मासीनो दीकरो’ असं नेमकं सांगतात, आणि मी चौघांना एका शब्दात कोंबलं.

पुढे ज्याने पेपर वाचला त्याला ‘कझिन’वरून काही कळायचं कारणच नव्हतं. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानेच झालेला असतो, आई कॅरियर (स्वतः आजारी नसून बदल पुढे देणारी) नसते, तसंच असेल असं धरलं गेलं. आईची टेस्ट राहिली. त्यांची धाकटी बहीण तेव्हा चौथ्या महिन्यात होती, हे कोणी विचारलंच नाही. दोन वर्षांनी ती आपल्या मुलाला घेऊन आली, त्याचंही सीपीके तसंच. जुना पेपर काढला तर अक्षर माझं. त्यानंतर मी जेनेटिक्सकडे वळले.

कोणाचं करिअर वाचायचं विचाराल तर अमेरिकेतला व्हिक्टर मॅक्युसिक. 1921चा जन्म, मूळचा हार्टचा डॉक्टर. मार्फन सिंड्रोम या हृदयावरही परिणाम करणाऱ्या अनुवंशिक आजाराच्या पेशंट्सवरून अनुवंशिक आजारांकडे वळला आणि 1957मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मेडिकल जेनेटिक्सचा विभाग सुरू केला, वय 35. म्हणजे उशीर झाला म्हणून रडू नका, मीही रडले होते, गरज नव्हती. 1962मध्ये त्याने माणसाच्या एक्स क्रोमोसोमवरचं सगळं ज्ञान एकत्र मांडलं, 1966मध्ये अनुवंशिक आजारांची यादी पुस्तकरूपाने काढली, तीच 1987पासून ऑनलाइन आली आणि आज आपण ओएमआयएम म्हणून रोज उघडतो. त्यात डुशेनचा नंबर 310200, सुरुवातीचा 3 म्हणजे एक्सवरचा आजार. याच माणसाने अमिश, म्हणजे आपापसातच लग्नं करणाऱ्या अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, लोकांच्या घरोघरी जाऊन वंशावळी तपासल्या.

म्हणून गाइड निवडताना त्याचे पेपर मोजू नका. ओपीडीत बसा आणि तो स्वतः हाताने तीन पिढ्यांची पेडिग्री, म्हणजे वंशावळ, काढतो का ते बघा. माझ्या मॅडम अर्धा-अर्धा तास काढायच्या, बाहेर रांग ओरडत असायची. जो नुसता “एक्झोम पाठवा” (जीन्सची एकत्र डीएनए टेस्ट) म्हणतो त्याच्याकडे तुम्ही रिपोर्ट वाचायला शिकाल, पेशंट नाही. हे माझं ठाम मत आहे, कोणाला राग आला तरी चालेल.

घाबरू मात्र नका. गणित येत नाही, बायोइन्फर्मेटिक्स (कॉम्प्युटरवर डीएनएची माहिती तपासणं) येत नाही, पहिल्या वर्षी सगळ्यांचं असंच असतं, हळूहळू येतं. पेडिग्रीची सवय आजपासून लावता येते, स्वतःच्या घरापासून. आजीजवळ बसा आणि तिच्या बहिणींपासून सुरू करा. माझ्या आजीच्या दोघी बहिणी लग्न होऊन एक इंदूरला, एक ग्वाल्हेरला गेल्या, आडनावं बदलली, पत्रं थांबली. त्यांच्या मुलींची नावं शोधायला मला दोन महिने लागले, आणि एक्स नेमका त्यांच्याकडूनच पुढे जातो.